माशाची चांदी फोटोत कशी टिकवायची?

वाचकांचे प्रश्न : मोबाइल छायाचित्रण

तापी, गिरणा आणि अनेरच्या काठांवरून या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : फोटो काढला, आता कोणता इफेक्ट लावू? मासळीच्या फोटोत सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे खवल्यांवरचा चंदेरी उजेड. तो एकदा जळाला की कोणताही इफेक्ट तो परत आणत नाही, आणि तो शाबूत असला तर फारसा इफेक्ट लागतही नाही. म्हणून खालच्या उत्तरांत आधी ती चांदी वाचवण्याचा विचार आहे, रंगांचा नंतर.

प्रश्न : उकाई धरणाच्या फुगवट्यावर आम्ही कटला, रोहू धरतो. मासा काठच्या काळ्या खडकावर ठेवून मोबाइलने फोटो काढतो. खडक छान दिसतो, पण माशाचे पोट पांढरे फटक येते, खवले दिसतच नाहीत. स्नॅपसीड या फोटो सुधारायच्या अॅपमध्ये हायलाइट्स (उजळ भाग) कमी केले तर पोट राखाडी होते. काय करावे? (नवापूर तालुका)

पोट जळण्याचे कारण तो काळा खडकच आहे. कॅमेरा सगळी चौकट मिळून मध्यम उजेडाची करू पाहतो. चौकटीचा बराचसा भाग काळा बेसॉल्ट असला की त्याला दृश्य अंधारे वाटते, तो उजेड वाढवतो आणि आधीच चकाकणारे पोट मर्यादेबाहेर जाते. जेपीजी फोटोत लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या ० ते २५५ अशा पायऱ्या असतात. तिन्ही रंग २५५ला टेकले की त्या जागी खवल्याची कसलीच नोंद उरत नाही. मग हायलाइट्स कितीही खाली ओढा, पांढऱ्याचे राखाडी होईल, पण खवला काही येणार नाही.

त्यामुळे पहिली दुरुस्ती फोटो काढतानाच करा. कॅमेऱ्यात माशाच्या पोटावर बोट टेकवा. शेजारी सूर्याचे चिन्ह किंवा पट्टी येईल, ती खाली ओढत खवल्यांच्या कडा दिसू लागल्या की थांबा. प्रो मोड (सगळे हाताने ठरवायची सोय) असेल तर ईव्ही, म्हणजे उजेड कमी-जास्त करायची पट्टी, उणे ०.७ ते उणे १ ठेवा. खडक जरा जास्त काळा येईल, येऊ द्या. अंधारातला तपशील नंतर थोडाफार वर काढता येतो, जळालेला काढता येत नाही. चैत्र-वैशाखाच्या दुपारी थेट उन्हात फोटो घेऊच नका. मासा होडीच्या, छत्रीच्या किंवा स्वतःच्या सावलीत घ्या, फक्त सावलीची कड माशाच्या मधून जाऊ देऊ नका. मासा ओला असला की पाठीचा रंग खोल दिसतो, मात्र उन्हात तेच पाणी आरशासारखे चमकते. अंगावर पाणी फिरवा, निथळू द्या आणि बाजू कॅमेऱ्याकडे सपाट न धरता दहा-पंधरा अंश कलती ठेवा. बहुतेक चकाकी तेवढ्याने सरकते. मासा परत पाण्यात सोडायचा असेल तर आधी मोबाइल तयार ठेवा, हात ओले करा आणि काही सेकंदांत काम उरका.

मोबाइलवर अडकवायची पोलरायझर काच मिळते. ती पाण्यावरची चकाकी कापते, पण पाण्याच्या पातळीशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून पाहिले तरच पुरती. सरळ वरून पाहिले तर तिचा उपयोग नाही. काच फिरवत चकाकी कमी होते तिथे थांबावे लागते. ती एक ते दोन स्टॉप उजेड खाते (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणून पहाटे किंवा संध्याकाळी ती काढून ठेवलेली बरी.

आता स्नॅपसीड. क्रम महत्त्वाचा आहे.

आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसेल असा रंगांचा तोल. ड्रॉपर घेऊन स्वच्छ बर्फाच्या डब्यावर किंवा खरोखर राखाडी असलेल्या जागेवर ठेवा. मग ट्यून इमेजमध्ये हायलाइट्स उणे ३० ते उणे ५०, शॅडोज (गडद भाग) अधिक १५ ते २५. सॅच्युरेशनला (रंगांच्या भडकपणाला) हात लावू नका. अॅम्बियन्स हा पर्याय लोकांना फार आवडतो, कारण तो एका फटक्यात सगळे उठावदार करतो. पण तो गडद भाग उजळताना रंगही वाढवतो, आणि मासा धरलेल्या माणसाचे हात नारिंगी होतात. अधिक १०च्या पुढे नको.

त्यानंतर सिलेक्टिव्ह. पोटाच्या सर्वांत उजळ जागी बिंदू ठेवा आणि दोन बोटांनी वर्तुळ लहान-मोठे करा. लाल रंगात दिसणारा भागच बदलणार आहे. हे साधन बिंदूच्या रंगाशी जुळणारा भाग निवडते, म्हणून बिंदू खडकावर घसरला तर उलटाच परिणाम होतो. बोट वर-खाली सरकवून ब्राइटनेस निवडा आणि उणे १० ते २० करा, मग स्ट्रक्चर (बारीक पोत) निवडून अधिक २० द्या.

शेवटी डिटेल्स : स्ट्रक्चर १५, शार्पनिंग १०. हे पूर्ण फोटोवर लागते आणि तिथेच घोळ होतो, कारण खवल्यांना जे शोभते ते चेहऱ्याला शोभत नाही. सुरकुती, घाम, दाढीचे खुंट सगळे टोचायला लागते. त्यावर उपाय असा : व्ह्यू एडिट्स उघडा, डिटेल्सची पायरी दाबा, मधले ब्रशचे चिन्ह निवडा, तीव्रता १००वर ठेवा आणि बोटाने फक्त मासा रंगवा. चेहरा, पाणी, आकाश मूळ राहते. फोटो मोठा करून रंगवा. पर आणि शेपटीच्या कडेला बोट बाहेर गेले तर तीव्रता ० करून तेवढे पुसता येते. स्ट्रक्चर ३०च्या वर नेले की पाण्यावर वाळू पसरल्यासारखे कण दिसू लागतात आणि रोहू पत्र्यातून कापल्यासारखा दिसतो. नव्या आवृत्तीत चिन्हांच्या जागा थोड्या वेगळ्या सापडतील, साधने हीच आहेत.

हे सगळे काठावर उन्हात उभे राहून करू नका. उन्हात पडदा फिका दिसतो, त्यामुळे आपण फोटो गरजेपेक्षा उजळ आणि भडक करून बसतो. घरी सावलीत, पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून आणि डिस्प्ले ‘विविड’वरून ‘नॅचरल’वर घेऊन संपादन करा.

प्रश्न : मी आठवडी बाजारात मासळी विकते. सकाळी केळीच्या पानावर मासे मांडून फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकते. फोटोत मासा हिरवट दिसतो आणि गिऱ्हाईक शिळा आहे का म्हणून विचारते. माल तर ताजा असतो. (रावेर)

ताई, चंदेरी मासा आजूबाजूचा रंग उचलतो. केळीच्या पानावर पडलेला उजेड हिरवा होऊन वर येतो आणि तोच पोटावर दिसतो. पान ठेवायचेच असेल तर कडेला, झालरीसारखे ठेवा. माशाखाली बर्फाचा थर किंवा पांढरे कापड घाला. थर्माकोलच्या डब्याचे झाकण माशाच्या ज्या बाजूला सावली आहे तिकडे वीतभर अंतरावर उभे धरा. झाकणावरून पांढरा उजेड पोटावर पडतो, हिरवा फिका होतो आणि खवले उघडतात.

काढलेला फोटो सुधारायचा असेल तर व्हाइट बॅलन्सने सगळा फोटो फिरवू नका. हिरवेपणा फक्त पोटावर आहे, त्यामुळे सगळ्या फोटोतला हिरवा काढायला गेलात तर बर्फ गुलाबी होईल. सिलेक्टिव्हचा बिंदू पोटावर ठेवून सॅच्युरेशन उणे ३० ते ४० करा. मासे चार असतील तर बिंदूवर बोट दाबून कॉपी करा आणि बाकीच्यांवर पेस्ट करा. निळ्या ताडपत्रीखाली दुकान असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सगळ्याच वस्तूंवर निळा उजेड असतो, म्हणून तिथे व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर थर्माकोलवर टेकवला की काम होते. मात्र थर्माकोल फोटोत अगदी पांढरा जळालेला नको, किंचित राखाडी दिसणारी जागा निवडा. जळालेल्या जागेत ड्रॉपरला वाचायला रंगच सापडत नाही.

एका गोष्टीबद्दल आग्रहाने सांगतो. कल्ल्यांचा लाल रंग वाढवू नका, डोळ्यातली धूसरता ब्रशने पुसू नका. फोटोत गिऱ्हाईक ताजेपणा पारखते ते मुख्यतः या दोन जागांवरून. उजेडाची चूक सुधारणे वेगळे आणि मालाचा रंग बदलणे वेगळे. त्यापेक्षा कल्ला उघडून, सावलीत, जवळून एक साधा फोटो काढा आणि तो कसलाही इफेक्ट न लावता टाका. पाठवताना व्हॉट्सअॅपमध्ये वरचे एचडी चिन्ह निवडा, नाहीतर फोटो लहान होतो आणि खवल्यांची नक्षी पहिल्यांदा जाते.

प्रश्न : सारंगखेड्याच्या पुलाजवळ मावळतीला फेकजाळे टाकणाऱ्यांचे फोटो काढतो. एचडीआर स्केप आणि ड्रामा लावले की आकाश भारी येते, पण माणसाभोवती पांढरी कड दिसते आणि जाळे घाणेरडे दिसते. दुसरा इफेक्ट सुचवा. (शहादा)

दुसरा इफेक्ट लावला तरी कड येईल. हे इफेक्ट प्रत्येक ठिपक्याची तुलना शेजारच्या भागाशी करून फरक वाढवतात. काळा माणूस आणि उजळ आकाश जिथे भेटतात तिथे फरक आधीच टोकाचा असतो. तो आणखी ताणला की उजेड कडेबाहेर सांडतो. जाळ्याचे तर प्रत्येक घर म्हणजे एक कड. शेकडो कडा एकमेकींत सांडल्या की जाळ्याच्या जागी मळकट धुके दिसते.

हा फोटो मुळात छायाकृतीचा आहे, आणि छायाकृती जवळजवळ सगळी कॅमेऱ्यातच होते. ऑटो एचडीआर बंद करा, कारण ते माणसाचा काळेपणा उजळायला जाते. सूर्याच्या शेजारच्या आकाशावर बोट टेकवा, उजेड खाली ओढा आणि बोट दाबून ठेवून तो तिथेच बांधा. प्रो मोडमध्ये शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. जाळे हवेत पूर्ण उघडलेले असते तो क्षण फार छोटा. तो एका झडपेत पकडायच्या भानगडीत न पडता बर्स्ट (ओळीने झटपट अनेक फोटो) वापरा. जाळे हातातून सुटायच्या जरा आधी सुरू करा आणि शिशाच्या गोळ्या पाण्याला लागल्या की थांबा.

उभे राहण्याची जागा यापेक्षाही महत्त्वाची. उभ्याने फोटो काढला तर जाळे पलीकडच्या काठावरच्या झाडांवर येते आणि काळ्यात काळे मिसळून जाते. गुडघ्यावर बसा, मोबाइल पाण्याच्या जवळ आणा, म्हणजे जाळ्याचे पूर्ण वर्तुळ आकाशावर उठेल. ज्या दिशेला जाळे जाते तिकडे चौकटीत जागा मोकळी सोडा. पोर्ट्रेट मोड आणि लेन्स ब्लर दोन्ही टाळा. त्यांना जाळ्याचे बारीक धागे माणसाचे की मागच्या आकाशाचे हे कळत नाही, आणि अर्धे जाळे गायब होते.

संपादन अगदी थोडे : ट्यून इमेजमध्ये कॉन्ट्रास्ट अधिक १५, शॅडोज उणे १५, वॉर्म्थ अधिक १०. छायाकृतीत शॅडोज वाढवू नका, काळ्यातून फक्त कणकण वर येते. सॅच्युरेशन वाढवले तर सूर्याभोवतीचा लाल रंग आधी २५५ला टेकतो आणि आकाशात नारिंगीच्या सपाट पट्ट्या पडतात. जेपीजीत पायऱ्या मोजक्याच असल्याने हे लवकर होते. मोबाइल रॉ फोटो (जेपीजी करण्याआधीची कॅमेऱ्याची मूळ नोंद) देत असेल तर मावळतीसाठी तोच घ्या. ड्रामाचा मोह आवरत नसेल तर तो लावा, मग व्ह्यू एडिट्समध्ये जाऊन ब्रशची तीव्रता २५ करा आणि माणूस व जाळे सोडून फक्त वरच्या ढगांवर फिरवा. कडेपासून बोटभर लांब राहा.

आणि फोटो सरळ करा. सारंगखेड्याच्या बॅरेजमागे (बंधाऱ्यामागे) तापीचे पाणी इतके सपाट असते की एका अंशाचा कलही डोळ्यांत खुपतो.

प्रश्न : हतनूरच्या जलाशयावर थंडीत सकाळी धुक्यात होड्या छान दिसतात, फोटो मात्र राखाडी आणि मळकट येतो. डिहेज किती लावावे? (भुसावळ)

डिहेज म्हणजे धुरकटपणा कापणारी पट्टी; लाइटरूम या दुसऱ्या अॅपमध्ये ती १० ते १५, त्याहून जास्त नाही. तुम्हाला धुकेच तर दाखवायचे आहे. २५च्या पुढे पाणी निळे-काळे पडते, आकाशात कण उठतात आणि होडीभोवती गडद सावट येते. मळकटपणाचे खरे कारण नवापूरच्या प्रश्नाच्या नेमके उलट आहे. पांढऱ्या धुक्याने भरलेली चौकट कॅमेऱ्याला फार उजळ वाटते म्हणून तो उजेड घटवतो. फोटो काढतानाच ईव्ही अधिक ०.३ ते ०.७ करा. नंतर स्नॅपसीडमध्ये होडीवर तेवढा सिलेक्टिव्हचा बिंदू ठेवून कॉन्ट्रास्ट अधिक २० द्या. धुके मऊ राहील आणि होडी ठसठशीत दिसेल.

प्रश्न : मासा आहे त्यापेक्षा मोठा दिसावा म्हणून एखादा इफेक्ट आहे का? (धुळे)

आहे, पण लावू नका. मासा ओढून मोठा करणारी साधने शेजारच्या रेषाही ओढतात. होडीची कड वाकते, बोटे सुजल्यासारखी होतात, आणि मासेमारी करणाऱ्याच्या ते एका नजरेत लक्षात येते. हात ताणून मासा पुढे धरण्याचाही तोच प्रकार. मोबाइल चेहऱ्यापासून एक मीटरवर आणि मासा अर्ध्या मीटरवर असेल तर मासा चेहऱ्याच्या मानाने दुप्पट दिसतो, पण हाताचे पंजेही दुप्पट दिसतात. कोपर वाकवून मासा छातीजवळ धरा, दोन मीटर मागे जाऊन २एक्स लेन्सने फोटो घ्या. वाम किंवा मरळ खरोखर मोठी असेल तर शेजारी मोजपट्टी ठेवा. तिच्यापुढे कोणत्याही इफेक्टची गरज उरत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात अनेरचे पाणी गढूळ असते. फोटोत ते निळे करता येईल का? शिवाय त्या दिवसांत मासा निळसर येतो, तो का? (शिरपूर)

दोन्हींचे मूळ एकच आहे. चौकटभर तांबूस पाणी दिसले की ऑटो व्हाइट बॅलन्सला उजेडच पिवळा आहे असे वाटते आणि तो निळा मिसळतो. पाणी थोडे बरे दिसते, मासा आणि चेहरा मात्र गारठल्यासारखे होतात. प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ‘क्लाउडी’वर किंवा सुमारे ६००० ते ६५०० केल्विनवर बांधून ठेवा.

पाणी निळे करायला आमचा विरोध आहे. गढूळ पाण्याचा रंग लाइटरूमच्या कलर मिक्समध्ये नारिंगीत मोडतो आणि माणसाच्या कातडीचाही. नारिंगीची छटा फिरवली की चेहरा त्याच्याबरोबर फिरतो. नारिंगीचे सॅच्युरेशन उणे १० करा, एवढे पुरे. पुराचे पाणी पुराचेच दिसू द्या, चंदेरी मासा त्याच्यावरच अधिक उठतो.

प्रश्न : रात्री गळ टाकून बसतो. हेडलॅम्पच्या उजेडात फोटोवर आडवे काळे पट्टे येतात आणि मासा पांढरा होतो. (चोपडा)

पट्टे एलईडीच्या लुकलुकण्याचे आहेत, डोळ्याला ते जाणवत नाही. विजेवरच्या दिव्यांत हे लुकलुकणे सेकंदाला १०० वेळा असते, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवले की पट्टे जातात. बॅटरीच्या हेडलॅम्पमध्ये वेग वेगळा असू शकतो. बरेचदा लॅम्प पूर्ण प्रखरतेवर ठेवला की लुकलुक थांबते, कारण ती उजेड मंद करण्यासाठीच असते. अशा वेळी लॅम्प थेट माशावर न रोखता थर्माकोलच्या झाकणावर मारा आणि परतीच्या उजेडात फोटो घ्या. पोट जळत नाही, तंगूसही दिसते. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ८००च्या आत ठेवा. लाइटरूममधले नॉइज रिडक्शन (कण घालवणारी पट्टी) २० ते ३० ठीक आहे, पुढे नेले तर खवले साबणासारखे गुळगुळीत होतात. रात्रीच्या फोटोला शार्पनिंग देताना लाइटरूममधले मास्किंग ६०-७०वर ठेवा, म्हणजे ते फक्त कडांना लागेल, अंधारातल्या कणांना नाही.

प्रश्न : आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेची दिनदर्शिका छापायची आहे. सभासदांनी फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले आहेत. छपाईवाला म्हणतो, चालणार नाहीत. पडद्यावर तर चांगले दिसतात. (जळगाव)

छपाईवाल्याचे बरोबर आहे. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. दिनदर्शिकेतला फोटो १२ बाय ९ इंचांचा असेल तर ३६०० बाय २७०० ठिपके हवेत. १२ मेगापिक्सेलचा साधा मोबाइल ४००० बाय ३००० देतो, म्हणजे मूळ फोटो सहज पुरला असता. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर येते, आणि ती सव्वापाच इंचांनाच पुरते. अॅपमध्ये मोठा केला तरी खवला नव्याने तयार होत नाही. सभासदांना मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा पाठवायला सांगा. गॅलरीतून न निवडता फाइलमधून निवडायचा, एवढाच फरक आहे. ज्यांनी मूळ फोटो पुसून टाकले असतील त्यांचे फोटो पानभर न छापता तारखांच्या चौकटीत लहान वापरा.

संपादित फोटो साठवताना जेपीजीची गुणवत्ता ९५ किंवा १००वर ठेवा आणि तोच फोटो पुन्हा पुन्हा उघडून साठवू नका; दर वेळी थोडा तपशील जातो. पडद्यावरचे झगझगीत निळे आणि हिरवे शाईत तसे उतरत नाहीत, मंद पडतात. म्हणून आकाश आणि केळीच्या बागा संपादनात भडक केल्या असतील तर छपाईपूर्वी सॅच्युरेशन उणे १० करा. कागद पडद्यापेक्षा काळपट असतो, त्यासाठी ब्राइटनेस अधिक ५ ते १० द्या, मात्र देताना माशाच्या पोटावर नजर ठेवा. आणि सगळी दिनदर्शिका छापायच्या आधी एकाच पानाचा नमुना मागा. तो दिवसाच्या उजेडात, दाराशी नेऊन पाहा. ट्यूबलाइटखाली राखाडी छटा नीट कळत नाहीत. पोटाचा भाग कोरा कागद दिसत असेल तर त्या फोटोचे हायलाइट्स आणखी १०-१५ने खाली घेऊन नमुना पुन्हा काढायला सांगा.